आजोबांच्या ट्रंकेतला कागद आणि गावाचा इतिहास

एका वाचकाचं पत्र असं आहे:

"ताई, मी लालबागला वाढलो, गेल्या वर्षी रिटायर झालो. मूळ गाव माण तालुक्यात, म्हसवडच्या बाजूला. आजोबा गिरणीत लागले आणि आम्ही इथलेच झालो. आता गावाचा आणि आसपासच्या वाड्यांचा इतिहास लिहायचं डोक्यात घेतलंय. एका ऑफिसात गेलो तर म्हणाले १९५० च्या आधीचं काही नाही, दुसऱ्या ऑफिसात म्हणाले पुण्याला जा, पुण्याला कुठे जायचं ते कोणी सांगेना. गावातल्या चुलतभावांना वाटतंय मी जमिनीचे कागद काढतोय, त्यांनी फोन उचलणं बंद केलंय. आजोबांच्या ट्रंकेत एक मोडी कागद मिळालाय, घरात सगळे म्हणतात शिवाजी महाराजांची सनद आहे. दोन्ही बाजूंचे फोटो पाठवतोय. खापरपणजा राजेवाडीच्या तळ्यावर माती टाकायला होता असंही आजोबा सांगायचे. सुरुवात कुठून करू? – एक माणदेशी, लालबाग"

नमस्कार भाऊ,

आधी ट्रंकेतल्या कागदाचं सांगते, नाहीतर तुमचं पुढच्या कशात लक्ष लागायचं नाही. ती सनद नाही. शिवाजी महाराजांची तर नाहीच नाही, वरती जो गोल छाप दिसतोय ना, त्यात व्हिक्टोरिया राणी बसलीय, तो स्टँप पेपर आहे. साल १८८४. तुमच्या घराण्यातल्या कोणीतरी सावकाराकडून साठ रुपये घेतलेत, दोन बैल आणि विहिरीतला चौथा हिस्सा तारण लिहून दिलाय, थोडक्यात कर्जरोखा आहे तो. वाईट वाटलं असेल, पण जरा थांबा, मागच्या बाजूचा फोटो पुन्हा बघा. तिथे व्हिलेज रजिस्ट्रारने केलेली नोंद आहे आणि मला विचाराल तर सगळी गंमत त्या नोंदीतच आहे.

झालं असं होतं की १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले, आणि ते लोण पुणे-नगरच्या बऱ्याच गावांत पसरलं, लोकांना पाहिजे होते ते रोखे, ते घेतले आणि जाळले. सरकारने कमिशन बसवलं आणि मग १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जाचा कायदा आला, तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू होता. त्यात एक अट अशी की शेतकऱ्याने करून दिलेला रोखा व्हिलेज रजिस्ट्रारसमोर लिहिला गेला पाहिजे. म्हणजे सुप्याच्या त्या जाळपोळीची धग चार-पाच वर्षांनी कायदा होऊन तुमच्या गावापर्यंत आली आणि तुमच्या खापरपणज्याच्या (की त्याच्या भावाच्या, ते बघावं लागेल) कागदाच्या पाठीवर उमटली. सनदा पुष्कळांनी छापल्यात हो. हा रोखा फक्त तुमच्याकडे आहे.

आणि तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. जुना कागद हातात आला की पहिल्यांदा विचारायचं की हा कोणी लिहिला आणि कशासाठी लिहिला. गावाचा इतिहास लिहून ठेवू असं म्हणून कोणी एक ओळ लिहिलेली नाही, सगळं लिहिलंय ते सारा, कर्ज, वतन, भांडण आणि बंदोबस्त यासाठी. त्यामुळे कागद गाव जिथे आहे तिथे सापडत नाही, गावाचा सारा ज्याच्याकडे जात होता त्याच्या दप्तरात सापडतो.

म्हणून ऑफिसांच्या चकरा थांबवा आणि घरी बसून आधी एक काम करा. वहीच्या एका पानावर गाव आणि प्रत्येक वाडी लिहा आणि पुढे लिहा की ती कोणत्या साली कोणाच्या राज्यात होती. माणदेशात हे फार महत्त्वाचं आहे, कारण तो सगळा तुकड्यातुकड्यांचा मुलूख. माण, खटाव हे साताऱ्याच्या राज्यात, १८१८ ला पेशवाई गेली, पुढच्या वर्षीच्या तहाने इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना राज्य दिलं, १८३९ ला त्यांनाच पदच्युत केलं, १८४८ ला त्यांच्या जागी बसवलेले त्यांचे भाऊ औरस वारस नसताना गेले आणि राज्य खालसा करून साताऱ्याला कलेक्टर बसवला. पण तुमच्या शिवेपलीकडचा आटपाडी महाल मात्र औंध संस्थानात, पंतप्रतिनिधींकडे. उत्तरेला फलटण निंबाळकरांचं, दक्षिणेला जत डफळ्यांचं. ही संस्थानं १९४८ च्या मार्चमध्ये मुंबई राज्यात विलीन झाली, आणि १९४९ ला दक्षिण सातारा जिल्हा निघाला, त्याचंच पुढे सांगली झालं. म्हणजे शेळ्या घेऊन सकाळी निघालेला माणूस संध्याकाळपर्यंत दोन राज्यं फिरून घरी यायचा, आणि आपण मात्र "सातारा जिल्हा" एवढंच घट्ट धरून शोधत बसतो. मी स्वतः एका गावासाठी तीन दिवस चुकीच्या तालुक्याच्या याद्या चाळल्यात, कारण खुर्द आणि बुद्रुक बघितलंच नव्हतं. इंग्रजी कागदात तर एकाच गावाचं स्पेलिंग चार प्रकारे असतं, तेही वहीत लिहून ठेवा, म्हसवडचीच वेगवेगळी रूपं भेटतील.

आता गावापासून मागे मागे जायचं, उलट नाही. सगळे पहिल्याच दिवशी पेशवे दप्तरात जायला बघतात आणि तिथे गोंधळून परत येतात.

"१९५० च्या आधीचं काही नाही" हे त्या खोलीपुरतं खरं असेल, जुनं सगळं तहसीलच्या रेकॉर्ड रूमला जमा होतं आणि मोजणीचं सगळं भूमी अभिलेखच्या ऑफिसात असतं. तिथे जाऊन "जुने कागद दाखवा" म्हणालात तर काही मिळायचं नाही, कागदाचं नाव घेऊन मागा. जुने फेरफार म्हणजे जमीन कोणाच्या नावावरून कोणाच्या नावावर गेली त्याच्या नोंदी, कडईपत्रक, पाहणीपत्रक, जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४ ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. भूमी अभिलेखला टिपण, गुणाकार बुक, आकारबंद. अर्ज करायचा, फी भरायची, नक्कल घ्यायची. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायला लोकांची रीघ लागलीय त्यामुळे तिथली माणसं कावलेली असतात, दुपारच्या जेवणाआधी घाई करू नका आणि आपण दाखल्यासाठी आलो नाही हे पहिल्या वाक्यात सांगून टाका, चेहरे जरा सैल होतात असा माझा अनुभव आहे.

या सगळ्यात माझं सगळ्यात लाडकं म्हणजे फेरफार. दिसायला रुक्ष, खातेदार मयत, वारस अमुक, तलाठ्याची सही, मंडल अधिकाऱ्याचा शेरा, संपलं. पण एका गावचे ओळीने पन्नास वर्षांचे फेरफार वाचा, मग कळतं. कुठल्या सालात एकदम मयत वाढलेत, जमीन कोणाकडून निघून कोणाकडे साचत गेली, वारसांमध्ये "राहणार मुंबई" कधीपासून यायला लागलं. आणि बहिणी बघा कुठे असतात, भावांची नावं मालकीत आणि बहिणींची इतर हक्कात, तिथेही पुढे हक्कसोड लिहून दिलेलं. बायकांचं नाव सरकारी कागदात येतं ते बहुतेक वेळा असं, जाता जाता.

शाळा विसरू नका. जुन्या मराठी शाळेचं जनरल रजिस्टर मागा, त्यात मुलाचं नाव, जात, बापाचा धंदा, शाळा कधी सोडली आणि का सोडली असं असतं. "गाव सोडून गेले" हे कारण कोणत्या सालात किती वेळा येतं ते नुसतं मोजलंत तरी एक प्रकरण तयार होईल.

आणि तुमच्या स्वतःच्या दारातलं राहिलं! लालबाग-परळला गावाची खोली असेल ना, ग्रामस्थ मंडळ असेल. त्यांच्या वर्गणीच्या वह्या, मीटिंगची प्रोसिडिंग बुकं, खोलीत कोण किती दिवस राहिलं त्याचा हिशेब, देवळाच्या कळसाला कोणी किती दिले, संप चालू होता तेव्हा वर्गणी कशी थांबली. हे कुठल्याच सरकारी पुराभिलेखागारात नाही आणि चाळी पाडून टॉवर होताना रद्दीत जातंय. पुण्याच्या गाडीत बसायच्या आधी ते मिळवा, अगदी या रविवारी.

मग पुणे. तिथलं पुराभिलेखागार म्हणजेच लोक ज्याला पेशवे दप्तर म्हणतात ते, इमारत १८९१ ची. अर्ज, ओळखपत्र, विषय काय ते लिहून द्यायचं. आत कागद रुमालात बांधलेले असतात, रुमाल म्हणजे खिशातला नाही हो, मोठ्या कापडाचं गाठोडं. गाठ सोडली की आत पुडकी, पुडक्यात लांबच लांब बंद म्हणजे कागदाच्या पट्ट्या, बोरूने लिहिलेली मोडी, शाई अजून काळीभोर आणि कागदाला एक वास असतो तो एकदा नाकात बसला की जात नाही. मास्क न्या, शिंका येतात. पेन बाहेर ठेवावं लागतं, पेन्सिल न्या.

हजारो रुमाल आहेत त्यामुळे गावाचं नाव सांगून कोणी काढून देईल ही आशा सोडा. विभाग माहीत पाहिजेत. शाहू दप्तर, रोजकीर्द म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या नोंदी, घडणी, चिटणिशी, प्रांत अजमास म्हणजे प्रांताच्या वसुलाचा अंदाज, सातारा जमाव. गो. स. सरदेसायांनी या दप्तराची मार्गदर्शिका केलीय आणि १९३० पासून निवडक कागदांचे ४५ खंडही काढलेत, ते आधी चाळा, पण एक लक्षात ठेवा, ते खंड राजकारणाकडे बघून निवडलेत. माण तालुक्यातल्या विहिरीत त्यांना कशाला रस असेल, पानिपत सोडून?

तुम्हाला तिथे हवा आहे तो इनाम कमिशनचा भाग. इंग्रजांनी सगळ्यांची इनामं तपासायला काढली, १८५२ ला त्याचा कायदा केला, आणि ज्याच्याकडे इनाम आहे त्याने ते सिद्ध करायचं. मग काय, पाटील, कुलकर्णी, गुरव, मुलाणी, मठवाले सगळे कैफियती घेऊन आले. आमच्या पणजोबाला हे कधी मिळालं, कोणी दिलं, मध्ये कोणी हिसकावलं, वंशावळ अशी अशी, सोबत जुन्या सनदेची नक्कल. लोकांची इनामं गेली त्यात, फार चीड होती त्या कमिशनची, पण गावोगावच्या घराण्यांनी स्वतःबद्दल सांगितलेलं इतकं दुसरीकडे एकत्र मिळायचं नाही. अर्थात प्रत्येक जण जमीन वाचवायला बोलतोय हे विसरू नका, वंशावळीत थोडंफार इकडचं तिकडे झालेलं असतंच.

वतनाच्या भांडणातला महजर, म्हणजे पंचांसमोर लिहिलेला निवाडा, सापडला तर खाली सह्यांकडे बघा. लिहिता येणारे एक-दोन, बाकीच्यांच्या निशाण्या. कुणब्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी. पहिल्यांदा तो छोटासा नांगर बघितला तेव्हा मी त्यावर बोट ठेवणार होते, शेजारच्या शिपायाने ओरडून थांबवलं.

मोडी शिकायची का? हो. पुराभिलेख विभाग आणि काही संस्था वर्ग घेतात, रोज तासभर दिलात तर दोन-तीन महिन्यांत तुटक का होईना वाचायला लागाल. पैसे घेऊन वाचून देणारेही भेटतील, चांगले आहेत पुष्कळ, पण काही असे आहेत की गिऱ्हाइकाला सनद पाहिजे असेल तर सनद वाचून देतात, तुमचा रोखा त्यांच्या हातात पडला असता तर आत्तापर्यंत फ्रेममध्ये गेला असता.

तारखांना घाबरू नका, तिथे एक युक्ती आहे. जुन्या कागदात शुहूर सन अरबी शब्दांत लिहितात, उदाहरणार्थ "सन इहिदे सितैन मया व अलफ". इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, उलटं जोडत गेलं की ११६१. त्यात ५९९ मिळवा, १७६०. हे वर्ष मृगाला सुरू होतं म्हणून जानेवारी ते मेमधला कागद असेल तर एक वाढवायचा, ६०० मिळवायचे. म्हणजे या सनात जानेवारीतला कागद आला तर तो १७६१ चा, ऐन पानिपताच्या महिन्यातला, आणि त्यात मात्र कुठल्यातरी मौजेचे बकऱ्यांच्या पट्टीचे साडेतीन रुपये लिहिलेले असतात.

पुण्यातच भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० साली राजवाड्यांनी मेहेंदळ्यांबरोबर काढलेलं, तिथेही खासगी घराण्यांची दप्तरं आहेत. गावाचं नाव राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या खंडांमध्ये आणि मंडळाने छापलेल्या कागदांत आधी शोधा, छापील सूचीत नाव मिळालं तर सहा महिने वाचतात.

इंग्रजी अमदानीसाठी मुंबई, तुम्हाला तर एका बसचं अंतर. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, १८२१ पासूनचं रेकॉर्ड ऑफिस. तुम्ही पत्रात लिहिलंय की खापरपणजा राजेवाडीच्या तळ्यावर माती टाकायला होता असं आजोबा सांगायचे. ही गोष्ट सोडू नका! ते तळं १८७६-७७ च्या दुष्काळातलं काम, इंग्रजी कागदात म्हसवड टँक म्हणून येतं, आणि खटावात नेरचं तळंही त्याच काळातलं. रेव्हेन्यू खात्याचे दुष्काळाचे खंड आणि बांधकाम खात्याचे कागद मागवा. कामावर माणसं किती, मजुरी किती, कोणत्या आठवड्यात कमी केली, कोण काम सोडून गेले असं असतं त्यात. खापरपणज्याचं नाव मिळणार नाही, ते आधीच सांगते, मजुरांचा त्यात आकडा असतो. पण आजोबांची गोष्ट आणि तो आकडा एकाच पानावर आले की वाचणाऱ्याला जे व्हायचं ते होतं.

तिथेच तालुक्यांचे सर्व्हे सेटलमेंट रिपोर्ट बघा, पहिली आकारणी आणि साधारण तीस वर्षांनी झालेली फेरआकारणी. साहेबाचं प्रास्ताविक सोडून द्या, शेवटची परिशिष्टं उघडा, तिथे गाववार तक्ते असतात, माणसं, बैल, गाड्या, नांगर, विहिरी. दोन रिपोर्ट शेजारी ठेवले की तीस वर्षांत गावात काय झालं ते कोणी न सांगता दिसतं. सातारा जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर १८८५ चं, ते नेटवर फुकट आहे, पहिल्यांदा तेच वाचा खरं तर. आणि १९४२ चं काही पाहिजे असेल, वडूजच्या मामलेदार कचेरीवरचा ९ सप्टेंबरचा मोर्चा, गोळीबार, पुढचं पत्री सरकार, तर होम डिपार्टमेंटच्या स्पेशल फाइल्स, तिथे पोलिसांची बाजू असते, लोकांची तुम्हाला गावात विचारावी लागेल.

औंधाकडच्या वाड्यांची शोधाशोध वेगळी करावी लागेल. तिथे १९३९ ला राजांनी स्वतःहून राज्यकारभार लोकांच्या हाती देणारी घटना केली, गावोगाव पंचायती, त्यामुळे त्या दहा वर्षांचे गावातले कागद, पंचायतीचे ठराव वगैरे मिळाले तर सोनं आहे. जुन्या सरपंचांच्या माळ्यावर बघा.

(मराठवाड्यातले वाचक नेहमी रागावतात की तुम्ही पुण्यापलीकडे जात नाही. तुमचे कागद निजामाकडे, म्हणजे छत्रपती संभाजीनगर आणि हैदराबाद, आणि भाषा फारसी-उर्दू. विदर्भाला नागपूर. स्वतंत्र लिहीन कधीतरी.)

कागदात नसलेली माणसं राहिली. गावकुसाबाहेरच्या लोकांचं दप्तरात येतं ते वतनाच्या कामापुरतं, धनगरांचं मेंढरांच्या पट्टीपुरतं. हेळवी येतात का तुमच्या गावात अजून, घराघराची वंशावळ सांगणारे? त्यांच्याकडे पिढ्यानपिढ्यांच्या वह्या असतात, सुगीनंतर फिरतात, गाठा त्यांना. पंढरपूर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत गावावरून शोधता येतं. आणि जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून लाखावर ओव्या जमवल्या, त्यातल्या पुष्कळ आता 'परी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) साइटवर ऐकायला मिळतात, बाईचं नाव आणि गाव लिहिलेलं आहे. कशा विचारायच्या, कशा लिहून घ्यायच्या हे त्यावरून शिका आणि मग तुमच्या चुलतीला बसवा समोर.

त्यावरून चुलतभावांचं आठवलं. भाऊ, त्यांचं काही चुकलेलं नाही. मुंबईचा माणूस गावात येऊन जुने फेरफार मागायला लागला की गावाला एकच अर्थ माहीत आहे. तुमचा हिस्सा जो काय असेल त्याच्याशी या कामाचा संबंध नाही हे त्यांना तोंडावर सांगा, आणि काढलेल्या प्रत्येक नकलेची एक झेरॉक्स त्यांच्या घरी ठेवा. म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथाला सगळे येतातच, तेव्हा तो रोखा घेऊन जा आणि सगळ्यांसमोर वाचा, कारण कर्ज त्यांच्याही खापरपणज्याचं आहे. दुसरं एक, वतनाच्या कागदांत जातीवरून लिहिलेलं असं काही असतं की ते आज छापलं तर कोणाच्या तरी घराला लागतं. ज्यांच्याबद्दल आहे त्यांना आधी दाखवा, मग ठरवा.

फोटो काढताना पहिला फोटो रुमालाच्या नंबरच्या चिठ्ठीचा, मग कागद. नाहीतर मोबाइलमध्ये दोन हजार फोटो आणि कुठला कशातला काही कळत नाही, माझं झालंय.

रोख्याला हात लावताना हात कोरडे ठेवा. लॅमिनेशन अजिबात करू नका, सेलोटेपही नको, घडी उघडून दोन पांढऱ्या कागदांमध्ये सपाट ठेवा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत खालचा डावा कोपरा कापला गेलाय, साक्षीदारांची नावं तिथेच आहेत, एकाचं "बिन" (म्हणजे अमक्याचा मुलगा) पर्यंत वाचता येतं आणि पुढे तुमचा अंगठा आलाय. खिडकीजवळ उजेडात ठेवून पुन्हा काढा आणि पाठवा, वाचून सांगते.